लिलावाचा भाव कोण ठरवतो?



वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास उठतो. "शेजारच्या कारखान्याची साखर क्विंटलमागे जास्त दराने गेली, मग आपली का नाही?" दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारायला मीच उभा राहिलो होतो. व्यासपीठावरून उत्तर आलं, "ऑनलाईन लिलाव झाला, आला तो भाव घेतला." मी खाली बसलो खरा, पण मनाचं समाधान काही झालं नाही. आला तो भाव म्हणजे काय? तो येतो कुठून?

गेल्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर मला कारखान्यात नव्हे, माझ्याच घरी मिळालं. ते सर्वांच्या उपयोगाचं वाटलं म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन अडकित्ते

आमच्या वडिलांना अडकित्त्यांची हौस होती. मागल्या दाराच्या फळीवर त्यांचे तीन जुने पितळी अडकित्ते पडून होते, मोराच्या घडणीचे, पोलादी पात्याचे. एकाच कारागिराच्या हातचे असावेत इतके सारखे. घरात आता सुपारी कुणी खात नाही. सूनबाई म्हणाली, "अण्णा, अशा वस्तू जमवणारे लोक असतात. मोबाईलवर लिलावाला टाकू या." पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात मी स्वतः अडकित्त्यांचा संग्रह पाहिला होता, म्हणून म्हटलं टाक.

पहिला अडकित्ता टाकला. लिलाव मंगळवारी दुपारी तीनला संपला. तिघांनी बोली लावली आणि तो ६४० रुपयांना गेला. घरात सगळ्यांना बरं वाटलं, फळीवरच्या धुळीचे सहाशे रुपये आले.

दुसरा टाकला, तो रविवारी रात्री नऊला संपला. सात जण आले. पाच जण अकराशे-बाराशेच्या आत थांबले, पण उरलेले दोघे काही मागे हटेनात. शेवटी ३,४५० रुपयांना तुटला. आम्ही सगळे मोबाईलभोवती कुस्तीचा फड बघावा तसे बसलो होतो.

आता माझी हाव वाढली. तिसऱ्याला मीच म्हटलं, "सुरुवातच तीन हजारांपासून कर." आठ दिवस गेले, एकाही माणसाने बोली लावली नाही. पुन्हा टाकला, शंभर रुपयांपासून. गेला १,१५० ला.

वस्तू तीच, घडण तीच, घरही तेच. भाव मात्र ६४०, ३,४५० आणि १,१५०. यातला खरा कुठला?

दुसरा माणूस

आपली समजूत अशी असते की जो सर्वांत जास्त बोली लावतो तो भाव ठरवतो. हे खरं नाही. भाव ठरवतो तो दुसरा, हरणारा माणूस. जिंकणाऱ्याच्या मनात पाच हजारांची तयारी असली, तरी त्याला दुसऱ्यापेक्षा एक पायरी वर जायचं असतं, त्याहून जास्त नाही. त्या रविवारी दोघांपैकी एकाच्या गावात लाईट गेली असती, तर अडकित्ता बाराशेच्या आसपास तुटला असता. आणि गंमत अशी की दोघांपैकी कुणाच्याही गावात गेली असती, तरी फरक तेवढाच पडला असता. म्हणजे विकणाऱ्याला एक हौशी गिऱ्हाईक पुरत नाही, एकाच वेळी दोन लागतात. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, या म्हणीतला तिसरा म्हणजे लिलावात विकणारा.

तिसऱ्या अडकित्त्याचं कोडंही इथेच सुटतं. दोघांपैकी एकाला त्याची वस्तू मिळाली होती. तो घरी गेला. उरलेला एकटाच आला असेल, तर त्याला चढवणार कोण? म्हणजे कालच्या भावानेच आजचं गिऱ्हाईक कमी केलं होतं. आणि मी मात्र त्या एका रात्रीच्या भावाला बाजारभाव समजून बसलो.

हा विचार काही माझा शोध नाही. विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली लिलावांवर निबंध लिहिला. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला वस्तू द्यायची, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके घ्यायचे, अशी पद्धत त्यात मांडून तिचे गुण त्याने दाखवले. त्याला १९९६ साली नोबेल मिळालं. पुढे २०२० साली पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांनाही लिलावाच्या अभ्यासासाठीच नोबेल मिळालं. सांगायचा मुद्दा असा, की ज्याला आपण नशीब म्हणतो त्याची विद्वानांनी पद्धतशीर मोजणी केलेली आहे.

अर्थात गिऱ्हाईक कोण आणि कुठून येईल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाची सुरुवात अमेरिकेत १९९५ साली पियर ओमिडयार याने केली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून मोडक्या लेझर पॉइंटरची गोष्ट सांगतात. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तू मोडकी आहे हे कळवल्यावर घेणारा म्हणाला, मी मोडकेच जमवतो! म्हणून दूरदूरच्या माणसांपर्यंत पोचणं हा ऑनलाईन लिलावाचा खरा फायदा. पण पोचणं वेगळं आणि ठरल्या घटकेला हजर असणं वेगळं. हाजीर तो वजीर.

एकवार, दोनवार, तीनवार

आपल्याकडे पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत. शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. मग उघड लिलाव आले. अडत्या मोठ्याने पुकारतो, "एकवार, दोनवार, तीनवार." या तीन हाकांमध्ये मोठं शहाणपण आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाला त्यामुळे विचाराला आणखी एक श्वास मिळतो. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने आठ राज्यांतल्या २१ बाजार समित्या घेऊन ई-नाम सुरू केलं, तेव्हापासून शेतमालाचा लिलावही पडद्यावर येऊ लागला. पडद्यावर सगळं उघड दिसतं असं आपण धरून चालतो. पण तिथे तीन हाका आहेत की नाहीत, हे प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं.

कारण मुदत घड्याळावर ठोकून संपत असेल, तर हुशार गिऱ्हाईक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प बसतं. आधी बोली लावून भाव कशाला चढवा? रॉथ आणि ऑकेनफेल्स या दोघा अभ्यासकांनी २००२ साली हे दाखवून दिलं. ईबेवर मुदत ठरल्या वेळी बंद व्हायची. अमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत पुढे सरकायची. शेवटच्या घटकेला बोली लावण्याचा प्रकार ईबेवर कितीतरी जास्त आढळला. मुदत पुढे सरकवणारा नियम म्हणजे आपली "तीनवार"च झाली. आमचा पहिला अडकित्ता कामाच्या दिवशी भर दुपारी, एका ठोक्याला बंद झाला. दोष अडकित्त्याचा नव्हता.

मोह

एक गोष्ट लपवत नाही. तिसऱ्या वेळी बोली चढेना, तेव्हा मी सूनबाईला म्हटलं, "पाहुण्यांना सांग की दोन-चार बोली लावायला." ती म्हणाली, "अण्णा, ही फसवणूक आहे. आणि पाहुण्यांवरच तुटला तर?" मी ओशाळलो. जे व्यापाऱ्यांनी आपल्याशी केलं तर आपण बाजार बंद पाडू, तेच मी करायला निघालो होतो. घेणाऱ्यांनी आपसात संगनमत करून भाव पाडणं जितकं वाईट, तितकंच विकणाऱ्याने खोट्या बोलीने तो चढवणं. खोटी बोली एकदा उघडी पडली, की पुढच्या खेपेला खरा माणूसही येत नाही.

आता आपल्या कारखान्याचं

कुणी म्हणेल, अडकित्त्यांची गोष्ट कारखान्याच्या पत्रिकेत कशाला? अहो, कारखान्याची साखर, मळी, बगॅस, भंगार हे आपलेच अडकित्ते आहेत. एक लाख क्विंटल साखरेवर क्विंटलमागे दहा रुपये कमी आले, तर दहा लाख गेले. ते कुणाच्या खिशातले? उसाच्या बिलातले, म्हणजे तुमच्या-माझ्या.

साखरेला एक आधार आहे. केंद्र सरकारने जून २०१८ मध्ये किमान विक्री दर ठरवला, किलोला २९ रुपये. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला. लिलावाच्या भाषेत ही झाली राखीव किंमत. गिऱ्हाईक थोडं असेल त्या दिवशी ती पडझड थांबवते. पण भाव चढवण्याचं काम तिला जमत नाही, त्यासाठी दुसरा माणूसच लागतो. मळीला, भंगाराला तर राखीव किंमत आपली आपणच ठरवायची असते. ती फार उंच ठेवली की माझ्या तिसऱ्या अडकित्त्यासारखं होतं, कुणी फिरकत नाही. ठेवलीच नाही, तर दोन माणसांच्या मर्जीवर माल जातो.

आणि सर्वांत वाईट लिलाव गरजेचा. उसाची बिलं थकली, बँकेचा हप्ता आला, गोदाम भरलं, म्हणून चार दिवसांत विकायला काढलेला माल. अडला हरी गाढवाचे पाय धरी. घेणाऱ्याला आपली नड वासावरून कळते.

म्हणून सभासद बांधवांना माझं सांगणं असं, की सभेत "त्यांना इतके, आपल्याला तितके का?" हा प्रश्न सोडून द्या. एका दिवसाचा एक भाव काहीच सिद्ध करत नाही, त्यांचा नाही आणि आपलाही नाही. मी ३,४५० वर फुशारलो तेव्हा जेवढा चुकलो, तेवढाच ६४० वर संचालकांना दोष देणाराही चुकेल. पण संचालक मंडळालाही नम्रपणे सांगतो, "आला तो भाव घेतला" हे उत्तर यापुढे चालणार नाही. भाव आपल्या हातात नाही हे कबूल. तो ज्या परिस्थितीत ठरतो, ती मात्र बरीचशी आपल्या हातात आहे.

म्हणून प्रत्येक विक्रीमागे चार गोष्टी या पत्रिकेत छापाव्यात. जाहिरात किती दिवस आधी दिली? बोली लावणारे किती आले? राखीव किंमत काय होती आणि ती कुणी, कशावरून ठरवली? शेवटच्या मिनिटाला बोली आली तर मुदत वाढत होती का? त्यासोबत वर्षभराची सरासरी द्यावी. बोली लावणारे दरवेळी तेच दोन-तीन असतील, तर ते आपोआप सर्वांना दिसेल, कुणावर आरोप करायची गरज पडणार नाही. दहा-बारा येत असतील आणि तरी भाव कमी असेल, तर तो बाजार आहे, तो सोसावा. असा तक्ता छापायला अर्धं पान पुरेल.

आणि घरी काही ऑनलाईन विकणार असाल तर एवढंच करा. वस्तूचं वजन, माप, चीर-खोट सगळं खरं लिहा, कारण न पाहता घेणारा शंकेचे पैसे आधीच कापून ठेवतो. लोक घरी असतील अशी वेळ धरा. ज्याखाली विकायचंच नाही ती किंमत आधी कागदावर लिहा. आणि एकसारख्या वस्तू पाठोपाठ काढू नका, मधे थोडे दिवस जाऊ द्या.

तिन्ही अडकित्त्यांचे मिळून ५,२४० रुपये आले. सरासरी काढली तर एकाला पावणेअठराशेच्या आत. मला विचाराल तर मोराच्या अडकित्त्याचा त्यातल्या त्यात खरा भाव तोच.



— आपला एक सभासद