मूल 'ढ' की वेळ 'ढ'?



आपल्या भित्तिपत्रकात बहुतेक वेळा पावसाळा, माझी गाय, नाहीतर थोर पुरुष यांच्यावर लेख येतात. मी आज आपल्या वर्गाच्या वेळापत्रकावर लिहिणार आहे. माझे मत असे आहे की, गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच नसावा. तो सकाळी परिपाठ झाला की पहिला असावा.

कारण सांगते. आपल्या वर्गातला एक मुलगा रोज सकाळी साडेसहाला डेअरीवर दूध घालतो. साडेचार लिटर दूध, लिटरला ३६ रुपये, किती झाले? पावती हातात पडायच्या आत तो १६२ म्हणून मोकळा होतो. तोच मुलगा दुपारी अडीच वाजता फळ्यापुढे उभा राहतो. साडेतीन मीटर कापड, मीटरला ४८ रुपये. खडू हातात तसाच राहतो. मागून कुणीतरी म्हणते, "ढ आहे तो."

कुणी म्हणेल, दुधाचा हिशेब त्याच्या सवयीचा आहे. बरोबर आहे. पण शनिवारच्या सकाळच्या शाळेत कापडाचेच गणित घातले तर तो सोडवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मग दोष डोक्याचा की वेळेचा?

माझी आजी शाळेत गेलेली नाही. ती म्हणते, "सकाळचं डोकं म्हंजी धुतलेली पाटी. जेवल्यावरचं डोकं म्हंजी पाण्यात बसलेली म्हस." हसू नका. शास्त्रज्ञांनीही काही वेगळे सांगितलेले नाही.

फ्रान्स देशात १७२९ साली द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने एक झाड अंधारात ठेवले. लाजाळूसारखे ते झाड दिवसा पाने उघडायचे व रात्री मिटायचे. अंधारात ऊन दिसत नसतानाही ते वेळेवर पाने उघडत-मिटत राहिले. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होते. पिकलेल्या केळ्यांवर बसणारी चिलटे असतात ना, त्यांच्या शरीरात असे घड्याळ कसे चालते हे हॉल, रोसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी शोधले. त्यासाठी त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या शरीरातही तसेच घड्याळ आहे. आपल्या अंगातली उष्णता पहाटे सर्वांत कमी असते आणि संध्याकाळकडे सर्वांत जास्त होते. फरक अर्धा ते एक अंश सेल्सिअस एवढाच, पण तेवढ्याने अंगात तरतरी कमी-जास्त होते. म्हणून तर संध्याकाळी कबड्डी रंगते.

आता दुपारचे बघा. सगळे म्हणतात, खिचडी खाल्ली म्हणून पोरे पेंगतात. पोटभर जेवणाने सुस्ती वाढते हे खरे. पण उपाशी राहिलेल्या माणसालाही दुपारी दोन-तीनच्या सुमारास थोडी गुंगी येते, कारण तो त्या आतल्या घड्याळाचाच एक उतार आहे. तेव्हा उगीच खिचडीला नावे ठेवू नयेत!

डेन्मार्क देशात शाळेतल्या मुलांच्या सुमारे २० लाख चाचण्यांचे गुण तपासले गेले. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चाचणी जसजशी उशिरा, तसतसे गुण थोडे थोडे कमी पडत गेले. पण चाचणीआधी २० ते ३० मिनिटांची सुट्टी मिळाली तर गुण वाढले. आणि ज्यांना मुळात गुण कमी पडत होते, त्यांनाच या सुट्टीचा जास्त फायदा झाला. हे वाचून मला फार बरे वाटले.

म्हणून गुरुजींना व बाईंना माझी विनंती आहे. सकाळी गणित घ्यावे. जेवणानंतर गाणी, चित्रकला, कार्यानुभव, नाहीतर मोठ्याने वाचन घ्यावे. तोंड आणि हात चालू असले की डोळे मिटत नाहीत. आपल्याकडे एका गुरुजींना दोन-दोन वर्ग सांभाळावे लागतात, सगळ्यांचे गणित एकाच वेळी बसणार नाही, हे मला कळते. मग दर आठवड्याला आळीपाळी करावी. तेही जमले नाही तर दुपारच्या गणिताआधी दहा मिनिटे लिंबाखाली पळू द्यावे. त्याला पैसा लागत नाही.

पालकांनाही थोडे सांगायचे आहे. लवकर निजावे, लवकर उठावे, असे तुम्ही आम्हाला नेहमी सांगता. त्यात निजणे आधी आहे आणि उठणे नंतर. घरात टीव्ही व मोबाईल रात्री अकरापर्यंत चालू आणि पोराला पहाटे चारला "ऊठ, पाढे म्हण" असे केले, तर पाढे कसे पाठ होणार? आपल्या राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तोही लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. तुम्हाला स्वतःलाही हे ठाऊक आहे. रात्रीची लाईट आली की तुम्ही दारे धरायला जाता, आणि दुसऱ्या दिवशी खताच्या पिशव्यांचा हिशेब दोनदा चुकतो. तेव्हा कुणी तुम्हाला ढ म्हणत नाही. मग आम्हालाच का?

घरची कामे आम्ही करू. शेण, पाणी, शेरडे, काही चुकवणार नाही. पण मूल ताजेतवाने असेल त्या वेळातला अर्धा तास त्याच्या अभ्यासाला द्या. कुणाला ती वेळ सकाळी येते, कुणाला दिवेलागणीला. सगळी मुले एका साच्याची नसतात.

हा लेख मी का लिहिला ते शेवटी सांगते. सातवीनंतर आपल्याला हायस्कूलला दुसऱ्या गावी जावे लागते. पाठवायचे की नाही हे घरात ठरते तेव्हा, "हिच्या डोक्यात गणित शिरत नाही, कशाला एस.टी.चा पास काढायचा?" असे बोलले जाते. विशेषतः मुलींच्या बाबतीत. अडीच वाजताच्या गणितावरून कुणाची शाळा सुटू नये, असे मला वाटते. एक महिना तास बदलून बघा, आणि मग कोण ढ ते ठरवा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी