पेटी खरखरते? आधी कारण शोधा!



भीमजयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की वर्षावासातील ग्रंथवाचन, आपल्या वस्तीत मशीन आणि स्पीकर लागतोच. पुसद, दारव्हा, घाटंजी, वणी, उमरखेड, कुठेही जा, गायन पार्टीजवळ बेंजो किंवा ऑर्गनसाठी घेतलेली एखादी जुनी पेटी असतेच. ही पेटी दोन गाणी सुरेख वाजते आणि तिसऱ्याला फाटका आवाज काढते. दुकानात नेली की नेमकी नीट वाजते! मग कोणीतरी म्हणतो, "जुनी झाली, वर्गणी काढा, नवी घेऊ."

पण वर्गणी येते कुठून? कापूस वेचणाऱ्या मायबहिणींच्या मजुरीतून, हमाली करणाऱ्या भावांच्या घामातून. म्हणून ती काढण्याआधी पेटी तपासलीच पाहिजे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. कारणाशिवाय काही घडत नाही. मग खरखर तरी कशी होईल?

पहिला प्रश्न, खरखर केव्हा होते? वहीत लिहून ठेवा. वायर हलली की होत असेल तर दोष वायरीत किंवा पिनेत आहे. नॉब फिरवताना होत असेल तर कंट्रोलमध्ये धूळ बसली आहे. अर्धा तास वाजून मशीन तापल्यावर होत असेल तर आतला एखादा झाळलेला जोड सुटत असावा किंवा पार्ट थकला असावा. आणि फक्त जाड सुरांवर, मोठ्या आवाजात होत असेल तर बहुधा स्पीकरच आजारी आहे.

दुसरी गोष्ट अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू बदला. आधी वायर बदला. मग दुसऱ्या पार्टीचा तेवढ्याच ओमचा चांगला स्पीकर याच मशीनला लावा. खरखर कायम राहिली तर दोष मशीनमध्ये, गेली तर स्पीकरमध्ये. सगळे एकदम बदलले तर खरे कारण कळत नाही.

आता स्पीकर. बटण बंद करून प्लग काढा आणि स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा. दोन्ही हातांची बोटे कागदी कोनावर सारखी ठेवून हलकेच दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉईल चुंबकाला घासते आहे. ते काम कोन बदलणाऱ्या कारागिराचे. आवाज नाही आला तर कोनाच्या मागे पाहा. तिथे विणलेल्या तारेच्या दोन लवचिक शेपट्या असतात. कोन हलतो तशा त्याही हलतात आणि वर्षानुवर्षे वाकून आतून तुटतात. बाहेरून अखंड दिसतात, म्हणून तर पेटी कधी वाजते, कधी नाही! मीटर लावा. ८ ओमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओम दाखवतो. कोन हलवताना काटा उड्या मारू लागला तर चोर सापडला. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. दर वेळी "टक्" असा आवाज आला पाहिजे. शेपटी बदलताना तशीच लवचिक तार घ्या. साधी वायर लवकर तुटते. कोनाला छोटी चीर असेल तर पातळ कागद आणि थोडे फेव्हिकॉल पुरते.

आपल्या जिल्ह्यात एप्रिलच्या उन्हात पेटी तापते आणि पावसाळ्यात विहाराच्या कोपऱ्यात कागद ओलावतो, उंदीर कुरतडतात. पेटी सावलीत, फळीवर, कापडाखाली ठेवा. मशीनचा आवाज शेवटपर्यंत फिरवू नका. चांगला स्पीकरही त्याने फाटतो. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, सवलतीचे दिवस सोडून. तोही पाळा.

एक गोष्ट मात्र जिवाची. मशीनचे झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. पेटी गुणगुणते म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी तोडत असेल तर त्याचा हात धरा. लोखंडी माईक हातात धरून गाणाऱ्याचा जीव त्या पिनेवर असतो.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर गावोगाव फिरले आणि त्यांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यातून घरोघरी नेला. तो विचार स्पष्ट ऐकू गेला पाहिजे, फाटक्या आवाजात नव्हे. आणि वस्तीतल्या दहावी झालेल्या मुला-मुलींनो, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तो शिका. दुसऱ्याच्या दुकानापुढे पेटी घेऊन ताटकळण्यापेक्षा आपल्या वस्तीत आपलेच दुकान असावे.

जयभीम! नमो बुद्धाय!