सिगारचा सावकाश झुरका

सिगारचे शौकीन नवख्याला पहिला धडा देतात तो सबुरीचा. मिनिटाला साधारण एक झुरका; धूर छातीत न घेता तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. चवीपुरता हा सल्ला खरा आहे. प्रत्येक झुरक्याबरोबर निखाऱ्याला जादा प्राणवायू मिळून तो तापतो. भरभर ओढले की तंबाखू करपते, धूर गरम आणि कडवट होतो. फार वेळ थांबले तर सिगार विझतो आणि पुन्हा पेटवल्यावर चव उतरलेली असते.

घोटाळा होतो तो पुढे. ‘सावकाश ओढतो, धूर आत घेत नाही, मग धोका कसला?’ हे समर्थन याच शिस्तीच्या आधाराने केले जाते. सिगारेटचा धूर सहसा आम्लधर्मी असतो. त्यातले निकोटिन मुख्यतः फुफ्फुसांतून रक्तात जाते. सिगारची तंबाखू आंबवलेली असते आणि तिचा धूर बहुधा अल्कधर्मी. त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषले जाते. महाराष्ट्रात तळहातावर तंबाखूला चुना लावून मळतात, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे.

मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तो संपायला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ ओठ, जीभ, हिरड्यांना धूर लागत राहतो. या धुरात कर्करोगकारक नायट्रोसमाइन्सही असतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढत. १९२३ मध्ये त्यांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्यावर ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जबड्याचा काही भाग काढून तिथे कृत्रिम तुकडा बसवावा लागला. तरीही सिगार सुटला नाही.

धूर छातीत न घेणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा कमी असतो, हे मान्य करायला हवे. तोंड आणि अन्ननलिका यांना मात्र ही सवलत मिळत नाही. झुरक्याचा वेग हा चवीचा प्रश्न आहे. त्याला आरोग्याचे प्रमाणपत्र समजू नये. सिगार सोडणे हाच खात्रीचा उपाय. तोवर तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असला, तर तो डॉक्टरांना दाखवण्यात सबुरी नको.