मोहिनी आणि ‘पहिली’पणाचे ओझे

कमलाबाई गोखले यांचे नाव निघाले, की ‘भारतीय पडद्यावरील पहिल्या अभिनेत्रींपैकी एक’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. आम्हांला वाटते, हा गौरव नव्हे. ही चौकशी टाळण्याची सभ्य रीत आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’साठी दादासाहेब फाळके यांना नाटक कंपनीतील दोघी मायलेकी मिळाल्या. आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, तर १९०० साली जन्मलेल्या कमलाबाई मोहिनी.

मोहिनी म्हणजे स्त्रीरूप धारण केलेला विष्णू. पुरुष तारामती होत होता त्या काळात पडद्यावर आलेली ही मुलगी स्त्रीचे सोंग घेतलेला देव साकारत होती! तरीही दार एकदम उघडले नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही पुन्हा साळुंक्यांनीच केले. ‘पहिली’ या शब्दात ही चार वर्षे दिसत नाहीत.

त्यात पुढचे आयुष्यही दिसत नाही. तरुणपणी वैधव्य आले आणि मुलांना वाढवण्यासाठी कमलाबाई रंगभूमीवर राबत राहिल्या. तेथे त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. पण आजीची ओळख नातवाच्या नावाने करून देणे, हाही विसरण्याचाच एक प्रकार नव्हे काय?

फ्रान्सची म्युझिडोरा तिच्या समकालीनांपैकी एक. १९१५-१६ मधील ‘ले व्हाँपीर’ ही चित्रमालिका शिल्लक आहे, म्हणून तिच्या अभिनयाची चर्चा होऊ शकते. ‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहता येत नाही. आपल्या हाती उरली आहे ती कमलाबाईंची वाणी. रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ (१९९२) या माहितीपटात नव्वदीच्या आसपासच्या कमलाबाई स्वतः बोलतात.

स्त्रियांची आत्मचरित्रे आपण वर्गात आस्थेने शिकवतो. मग न लिहिलेले, केवळ बोललेले हे आत्मकथन त्या पंक्तीत का बसू नये? त्यातील विसर, विनोद आणि मौन यांचे वाचन हे समीक्षेचेच काम आहे. ते केल्याखेरीज ‘पहिली’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही, असे आमचे नम्र मत आहे.