'फॅमिलीसह या' म्हणताय, मग फॅमिलीची सोयही बघा!

मंडळी, आधीच सांगतो. ही पोस्ट जीपवाल्यांच्या विरोधात नाही. आमच्या पिढीने सावर्डे-चिपळूण प्रवास कमांडर जीपच्या मागच्या पायरीवर लोंबकळत केलाय. त्यामुळे जीपचं वेड काय असतं ते मला कोणी सांगायला नको.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सावर्ड्यापासून जवळच ऑफ-रोड गाड्यांचा मेळावा होता. व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरत होतं, त्यावर ठळक अक्षरात 'फॅमिलीसह या'. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका ग्रुपचा नाहीच. बातमीही होईल आणि पोरांची सहलही, म्हणून सौ., नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा असे सगळेच गेलो.

सकाळ खरंच झकास गेली. रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, सगळीकडच्या पासिंगच्या गाड्या. लेकीने एका कोल्हापूरच्या दादाला विचारलं, "ही गाडी चिखलात अडकत कशी नाही?" त्याने खाली वाकून तिला दहा मिनिटं समजावलं. साध्या गाडीचं एक चाक चिखलात गेलं की इंजिनची ताकद त्याच चाकाकडे पळते, ते जागेवर गरगर फिरतं आणि बाकीची नुसती बघत बसतात. फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंना जोर मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी किती खोल आहे ते उतरून बघितल्याशिवाय गाडी घालायची नाही. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर बघितलेल्या माणसाला हे शेवटचं वाक्य किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको. थोड्या वेळाने एका ताईंनी स्वतः जीप चालवत पऱ्या पार केला, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या आमच्या लेकीच्या.

मग दुपार झाली.

एक गाडी पऱ्यात पार अ‍ॅक्सलपर्यंत रुतली. दुसऱ्या गाडीच्या विंचचा लोखंडी दोर तिला लावला. दोर ताणला जायला लागला तशी माणसं मागे जायची सोडून पुढे धावली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. खोटं कशाला बोलू, मीही पेजसाठी व्हिडिओच काढत होतो. तेवढ्यात आईचा हात सोडून आमचा चार वर्षांचा थेट दोरापासून दहा फुटांवर जाऊन उभा राहिला. मला मोबाईलच्या स्क्रीनवर तो दिसला, तेव्हा कळलं.

मी पोचायच्या आत गावातले एक आजोबा पुढे झाले. त्यांनी पोराला बखोटीला धरून मागे आणलं आणि पावसासाठी डोक्यावर घेतलेलं गोणपाट सरळ त्या दोरावर टाकलं. मला म्हणाले, "वो पत्रकार, पोराला बगा जरा. गुराचं दावं तुटलं तरी डोळा जातो. ह्यो तर लोखंडाचा दोर हाय."

दोर तुटला नाही. गाडी निघाली. शिट्ट्या झाल्या. काही झालं नाही, म्हणून बातमीही झाली नाही. मला भीती त्याचीच वाटते.

नंतर जाणकारांना विचारलं तर कळलं, आजोबांनी जे केलं तेच या खेळाचं पहिलं शास्त्र आहे. ताणलेल्या दोरावर जाड चादर किंवा पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी तो कमी उसळतो. दोर जेवढा लांब, त्याच्या दीडपट अंतरात बघ्यांपैकी कोणी उभं राहायचं नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते, मूळची मलेशियातली स्पर्धा. तिथे उतरणारे ड्रायव्हर आणि सहचालक हेल्मेट घालून, पट्टे आवळून, धोका माहीत असून उतरतात. बांधावर उभ्या असलेल्या पोराला यातलं काय माहीत असतं?

आणखी एक दृश्य. उघड्या जीपच्या मागे चार मुलं उभी आणि जीप उतारावर. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. हायवेला निदान पोलीस दिसला की आपण पट्टा ओढतो. शेतात कोण बघतंय?

बैलगाडा शर्यतीचं बघा. २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने अटींवर परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. आज शर्यत भरवायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर लागतो. बैलांची काळजी घ्यायलाच हवी, त्यात वादच नाही. पण बैलासाठी कागद आहे आणि माझ्या पोरासाठी एका म्हाताऱ्याचं गोणपाट, हे काही बरं नाही.

"नियम आले की मजा जाते", असं काही मित्र म्हणाले. अहो, टेनिस बॉलच्या सामन्यालाही आपण बाउंड्रीला दोरी बांधतो. इथे दीड-दोन टनांची गाडी आहे!

फार काही मागत नाही:

१. बघ्यांसाठी बांबू-दोरीची हद्द, आणि तिथे शिट्टी घेऊन उभा असलेला एक जबाबदार माणूस. दोर लावला की शिट्टी, शिट्टी झाली की सगळे मागे.

२. पट्टा नाही तर मूल गाडीत नाही. पोरगं कितीही रडलं तरी नाही.

३. रुग्णवाहिका जागेवर उभी हवी. डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ आहे हे खरं, पण चिखलातून तिथवर नेणार कसं?

४. महिलांसाठी स्वच्छतागृह. सौ. आणि लेक सकाळपासून पाणी न पिता बसल्या होत्या. 'फॅमिली'मध्ये त्या येत नाहीत का?

५. जागा शेतमालकाला विचारून आणि बांध वाचवून. सड्यावर तर दहादा विचार करून. आपल्या जिल्ह्यातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यांच्यावरून टायर जायला नकोत.

आणि सहावी गोष्ट आपल्या पालकांसाठी, सगळ्यात आधी माझ्यासाठी. पोराचा हात धरायचा असेल तेव्हा मोबाईल खिशात.

लेक आत्ताच विचारतेय, पुढच्या वर्षी परत जायचं ना? जायचंय. म्हणूनच हे लिहिलं. आयोजक मित्रांनो, तारीख ठरली की मला आधी फोन करा. बांबू आमच्या परसातले घ्या, रोवायला मी स्वतः येतो. आणि त्या आजोबांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या, शिट्टीही त्यांच्याच हातात द्या.

तुमच्या गावात असे मेळावे होतात का? तिथे काय सोय असते, नक्की सांगा.