नाव झाकून चाळा, आणि फोन कुणाला लावलेत तेही मोजा

दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका मी बरीच वर्षे तपासते आहे. उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. वर बारकोडचे स्टिकर असते. समोरची मुलगी रुकसाना आहे की रुक्मिणी, हे मला कळत नाही आणि कळायचे कारणही नाही. माझ्यानंतर नियामक पाहतात. मुलाला गुण पटले नाहीत तर त्याला छायाप्रत मागता येते. मंडळ आम्हा परीक्षकांना बेईमान समजते म्हणून ही सोय केलेली नाही. नाव वाचले की माणसाच्या मनात काहीतरी उमटते, एवढे मंडळाला ठाऊक आहे.

हीच मुलगी पाच-सात वर्षांनी कंपनीत अर्ज करते, तेव्हा बायोडेटावर सगळ्यात वर, सगळ्यात ठळक काय असते? नाव. मग फोटो, वडिलांचे नाव, मोहल्ल्याचा पत्ता. चाळणारा बहुतेक वेळा एकटाच. त्याला नियामक नाही आणि त्याच्या निर्णयाची छायाप्रत कुणाला मागता येत नाही.

माझी एक विद्यार्थिनी आहे. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. उर्दू माध्यमातून दहावी झाली, पण मराठीच्या वहीत मला लाल खूण करायची संधी क्वचितच द्यायची. बी.कॉम. झाली, मग एमबीए, तेही एचआरमध्ये. पुण्यात आठ महिने अर्ज करत राहिली. फोन येईनात. सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिला एक सल्ला दिला, ज्याची मला आजही लाज वाटते. म्हटले, "बेटा, पूर्ण नाव कशाला लिहितेस? आद्याक्षरे लिही. फोटोही काढून टाक." पंधरा दिवसांत तीन फोन आले. दोन ठिकाणी पूर्ण नाव कळल्यावर सूर बदलला, तिसऱ्या ठिकाणी लागली. पाचवीच्या वर्गात उभे राहून आपले पूर्ण नाव खणखणीत सांगायला जिला मी शिकवले, तिला ते लपवायलाही मीच शिकवले.

तीन फोन म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण पुरावाही आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. जुने झाले म्हणाल, तर 2022 चे घ्या. लेड बाय फाउंडेशनने एकच बायोडेटा हबीबा अली आणि प्रियंका झा या दोन काल्पनिक नावांनी प्रत्येकी 1,000 ठिकाणी पाठवला. प्रियंकाला 208 ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, हबीबाला 103.

यावर एचआरवाले काय म्हणतात? 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो.' सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हाही हेच उत्तर मिळाले होते. आणि त्याच मुलाखतींत तीच माणसे उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' किती महत्त्वाची हेही सांगत होती.

माझी विद्यार्थिनी आता टेबलाच्या पलीकडे, चाळणाऱ्यांमध्ये बसते. ती सांगते, "मॅडम, 'मुसलमान नको' असं कुणीच म्हणत नाही. 'टीममध्ये मिसळेल का?' म्हणतात. 'लांब राहते, जमेल का?' म्हणतात. नाकारण्याचं कारण लिहायला सॉफ्टवेअरमध्ये रकाना आहे, तिथे सगळे 'अदर' निवडतात." रमजानमध्ये मात्र ऑफिसात इफ्तार होतो. खजूर, फ्रूट चाट, सेल्फी. 2015 मध्ये मुंबईत एका एमबीए तरुणाला एका कंपनीने फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो असे ई-मेलनेच कळवले होते. गवगवा झाला, गुन्हा नोंदवला गेला. बाकीच्यांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच, की हे लिहून द्यायचे नसते.

कायद्याचा आधार तोकडा आहे. संविधानाचे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते. अपंगांसाठी 2016 चा कायदा खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करायला लावतो. धर्मासाठी तसे काही नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोग सुचवला, माधव मेनन गटाने 2008 मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग आलाच नाही.

म्हणून कंपन्यांकडे माझे मागणे साधे आहे. पहिल्या चाळणीत नाव, फोटो, पत्ता झाका. पण तेवढ्यावर थांबू नका. फ्रान्समध्ये नाव झाकण्याचा प्रयोग झाला, तेव्हा अल्पसंख्याक उमेदवारांचे उलट नुकसान झाले, कारण त्यात स्वेच्छेने उतरलेल्या कंपन्या आधीच बऱ्या वागणाऱ्या होत्या. झाकणे हा रामबाण नव्हे. खरी गोष्ट मोजण्याची आहे. किती अर्ज आले, किती जणांना फोन गेले, कोणत्या टप्प्यावर कोण गळाले, हे दर सहा महिन्यांनी संचालकांसमोर ठेवा. 'अदर' हा पर्याय काढून टाका. बी.एड.ला मूल्यमापनाचा पहिलाच धडा असतो: निकष आधी ठरवा, मग तपासा. मुलाखतीलाही तेच लावा. प्रत्येकाला तेच प्रश्न, गुण त्याच वेळी कागदावर. घरी कोण काय करते, हा प्रश्न बंद.

आपल्यातले काही म्हणतील, आपली मुलेच कमी पडतात, इंग्रजी कच्चे. असेल. त्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची, ती मी नाकारत नाही. पण हबीबा आणि प्रियंकाचे इंग्रजी एकच होते.

आणि आपल्याच शिक्षणसंस्थांत भरती कशी होते? जाहिरात कुठल्या तरी कोपऱ्यात, भाचा किंवा जावई आधीच ठरलेला, आणि बाहेरचा उमेदवार आला की 'देणगी'ची कुजबुज. मीही एका मुलाखतीतून अशीच रिकाम्या हाताने परतले आहे. तिथे मुलाखत घेणारे आणि देणारे एकाच धर्माचे होते. कंपन्यांकडे लेखी कारण मागणाऱ्यांनी आपल्या संस्थाचालकांकडेही ते मागावे. मला ते कधी मागता आले नाही.

गेल्या महिन्यात विद्यार्थिनीचा फोन आला. एका अर्जावर फक्त आद्याक्षरे होती, फोटो नव्हता. "मॅडम, मी लगेच ओळखलं," ती म्हणाली. पात्रता होती, तिने अर्ज पुढे पाठवला. दोन दिवसांनी तो परत आला, रकान्यात 'अदर'. तिने मॅनेजरकडे कारण लेखी मागितले आहे. अजून उत्तर आलेले नाही.