‘सावध केलेलं बरं’ म्हणणाऱ्यांनो

व्हॉट्सॲपवरचं सर्वांत घातक वाक्य कोणतं, असं विचारलंत तर मी हे सांगेन: ‘खरंखोटं माहीत नाही, पण सावध केलेलं बरं.’

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनाफोनांतून फिरत होत्या. त्या वर्षी देशभर पसरलेल्या एका व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलून नेताना दिसतात. ती कराचीतली बालसुरक्षेची जाहिरात होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कुणीतरी कापला होता.

असे मेसेज पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांनी कधी काठी उचलली नसेल. त्यांना पोराबाळांची काळजीच असेल. माझं भांडण या काळजीशीच आहे, कारण ती फुकटची आहे. मेसेज खोटा निघाला तर ‘आलं तसं पाठवलं’ म्हणून आपण मोकळे. किंमत मोजतो तो पोटासाठी परक्या गावात आलेला माणूस, ज्याची ओळख द्यायला तिथे कुणी नसतं.

‘अडाणी लोक करतात हे’ असं म्हणू नका. रिव्ह्यू झाल्याशिवाय कोडची एक ओळ पुढे जाऊ न देणारे इंजिनिअर सोसायटीच्या ग्रुपवर काय काय ढकलतात, ते मी रोज बघतो.

मग ॲपने काहीतरी करावं? केलं. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली. याहून पुढे कंपनी फारशी जाऊ शकत नाही, कारण मेसेज एन्क्रिप्टेड असतात आणि तिला ते वाचता येत नाहीत. ते तसंच राहायला हवं. पण मग पाठवणारा आणि वाचणारा यांच्या मध्ये तपासायला कुणीच उरत नाही. तपासणी पाठवणाऱ्यालाच करावी लागते. आपण ती टाळली की सरकारला निमित्त मिळतं. २०२१च्या आयटी नियमांनी मोठ्या मेसेजिंग ॲप्सना, आदेश आल्यास मेसेजचा मूळ प्रेषक शोधून द्यायला सांगितलं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. खासगीपणा हवा असेल, तर त्याच्यासोबत येणारं हे कामही आपलंच.

एक साधी कसोटी लावा. मेसेजखाली ‘हे मी तपासलं आहे’ असं लिहून स्वतःचं नाव घालाल का? नसाल घालणार, तर पाठवू नका.

आणि मूल पळवल्याची खरीच शंका आली तर ११२ला फोन करा. तिथे विचारतील: कुठे, कधी, तुम्ही स्वतः पाहिलंत का? ग्रुपवर हे प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तर फॉरवर्ड करणं इतकं सोपं वाटतं.